ओम्नीला मच्छरदाणी

हिंदी सिनेमाने मारुती ओम्नीवर फार अन्याय केला. १९८४ साली रस्त्यावर आलेल्या आणि २०१९ साली बंद झालेल्या या गाडीने उभ्या हयातीत शाळेची पोरं वाहिली, पेशंट वाहिले, दुधाचे कॅन वाहिले, लग्नातल्या बुंदीच्या टोपल्या वाहिल्या. पडद्यावर मात्र तिला काम एकच मिळालं. ती कर्रकन थांबते, बाजूचं दार सरकतं, आतून दोन हात येतात आणि नायकाची बहीण नाहीशी होते. त्यामुळे आजही वर्ध्यातल्या एखाद्या कॉलनीत पांढरी ओम्नी उगाच उभी दिसली, की आया पोरांना आत बोलावतात. आमच्या भाऊजींनी त्यांच्या ओम्नीच्या खिडक्यांना गुलाबी मच्छरदाणीचं कापड लावलं, तेव्हा या आयांची पंचाईत झाली. पोरं पळवणारा माणूस मच्छरांची एवढी धास्ती घेईल हे त्यांना पटेना. आणि चांगला निवृत्त, पेन्शन घेणारा, चष्मेवाला माणूस गाडीला मच्छरदाणी कशाला लावेल, हेही पटेना.

त्याचं असं झालं, की २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरावान पर्यटनाचं धोरण आणलं. बहुतेकांनी ती बातमी वाचून पान उलटलं. भाऊजींनी ती कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी, शाळेची पोरं वाहून दमलेली ओम्नी घेतली. मागची बाकं काढून तिथे प्लायवूडची फळी ठोकली, वर फोमची गादी टाकली आणि फळीखाली शेगडी, तांदूळ नि तिखट-मिठाचा डबा सरकवला. बातमीतल्या कॅरावानला शौचालयही होतं. ताईने त्याबद्दल विचारलं, तेव्हा भाऊजींनी पेट्रोल पंपांची यादी काढून दाखवली.

तसं पाहिलं तर विदर्भाला हा प्रकार नवा नाही. जत्रेला आणि लग्नाला बंडीने जाणारी माणसं रात्री बंडीखालीच पथारी टाकत. घरची परिस्थिती बरी असली तर दमणी असे: वर छप्पर, आत गादी, समोर बैल. त्या काळी जाळीचा प्रश्न कोणाला पडल्याचं ऐकिवात नाही, आणि त्याचं श्रेय मी बैलांना देतो. शेजारी दोन भलेथोरले बैल बांधलेले असले, की मच्छरांची बरीचशी गर्दी तिकडे वळते आणि माणसाच्या वाट्याला उरलीसुरली येते. ओम्नीच्या इंजिनाला कोणी चावत नाही.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५-४६ पर्यंत जातो. तेव्हा गाडीत झोपायचा विचार भाऊजींच्याही मनात येत नाही. त्यांचा मोसम पावसाळ्यात सुरू होतो, आणि पाखरांचाही नेमका तेव्हाच. काचा बंद केल्या तर आत घाम सुटतो, आधी माणसांना आणि मग काचांना. काचा उघडल्या तर आतला श्वास बाहेर जातो. त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड डासांच्या माद्यांना लांबून कळतो, म्हणजे खिडकी उघडून आपण पंगत बसल्याची वर्दीच देतो. चावतात फक्त माद्या. नर बिचारे फुलांच्या रसावर जगतात. ही माहिती भाऊजींनी ताईसमोर एकदाच सांगितली.

जायचं कुठे, याची मात्र अडचण नाही. पवनारला धाम नदीचा काठ आहे, गिरडची टेकडी आहे, बोर धरण आहे. बोरच्या जंगलाला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथे वाघ दिसेलच असं नाही. मच्छर मात्र सफारीच्या वेळेआधी, वेळेनंतर आणि तिकीट न काढताही भेटतात.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला किड्यांचं ज्ञान नाही, असं कोणी म्हणू नये. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकेकाळी इंग्लंडच्या बाजारापर्यंत पोचलं होतं, आणि कापूस पेरणाऱ्याला किडी ओळखाव्याच लागतात. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, गुलाबी बोंडअळी. पान उलटं करून तो क्षणात सांगेल कोण आलंय, कधी आलंय आणि आता किती उशीर झालाय. पण तोच माणूस स्वतःला चावणाऱ्या झाडून सगळ्या जातींना सरसकट ‘मच्छर’ म्हणतो. पऱ्हाटीला कोण चावलं यावर कर्जाचं गणित असतं. आपल्याला कोण चावलं हे फक्त खाजवण्यापुरतं.

भाऊजींनी मात्र अभ्यास केला. दिवसा चावतो तो एडिस. त्याच्यामुळे डेंग्यू होतो आणि त्याला कूलरचं साठलेलं स्वच्छ पाणी फार आवडतं. मलेरियावाला अ‍ॅनोफिलिस रात्रीचा, आणि नालीतल्या घाण पाण्यावर पोसलेला क्युलेक्सही रात्रीचाच. म्हणजे चोवीस तासांत कोणाची ना कोणाची पाळी लागलेलीच असते. त्यात विदर्भाकडे कूलर घरोघर, त्यामुळे एडिसची सोयही घरोघर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य खातं सांगतं की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळं साठलेलं पाणी ओतून द्या. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे या कोरड्या दिवसाची पाटी वाचून “आमचा जिल्हा आधीच कोरडा हाये, आता अजून किती कोरडा करता?” असं विचारणारे लोक इथे भेटतात. त्यांच्यातल्या काहींचा आवाज कोरडा नसतो.

या जिल्ह्यात मच्छरांनी मोठ्या माणसाचीही भीड ठेवलेली नाही. गांधीजी १९३६ च्या एप्रिलमध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात राहायला आले आणि त्याच पावसाळ्यात मलेरियाने आजारी पडले. सप्टेंबरमध्ये त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. पुढे त्यांची पत्रं बुलडाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं. टपालखात्याचा घोळ होत होता. मच्छरांचा पत्ता पहिल्या पावसाळ्यातही चुकला नव्हता.

तेव्हा जाळी हवी, हे ठरलं. स्वस्त हवी, हे ठरवावं लागलं नाही. आमच्याकडे काटकसर हा खासगी मामला नाही. माती, बांबू आणि कवेलूंची बापूकुटी इथे, कुमारप्पांची मगनवाडी इथे, आणि खेड्यातल्या उद्योगांनी काय काय करता येतं हे दाखवायला १९३८ च्या डिसेंबरात सुरू झालेलं मगन संग्रहालयही इथेच. एवढी परंपरा पाठीशी असल्यावर शंभर रुपयांत काही करायला निघालेल्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क सगळ्या गावाला आपोआप मिळतो. सल्ल्याचा सारांशही एकच असतो: हे ऐंशीत झालं असतं.

पहिले आले शेजारचे गुरुजी. त्यांना ऐंशीही जास्त वाटत होते. “जाळी कायले पायजे भाऊ? निंबाचा पाला जाळा. फुकटचं काम.” भाऊजी प्रयोगाला नाही म्हणत नाहीत. त्यांनी घमेल्यात निखारे घेऊन त्यावर निंबाचा ओला पाला टाकला, घमेलं ओम्नीत ठेवलं आणि दार सरकवलं. थोड्या वेळाने गाडीच्या फटीफटीतून धूर निघू लागला आणि कोपऱ्यावरचा पानवाला पाण्याची बादली घेऊन धावत आला. धुराने मच्छर गेले, यात वाद नाही. आत बसायची सोयही गेली. धूर ओसरल्यावर गाडीत पहिल्यांदा कोण परत आलं, याबद्दल गुरुजी आणि भाऊजी यांच्यात मतभेद आहेत.

मग ताईच्या जावेने लग्नातला नेटचा दुपट्टा आणून दिला. “पडूनच हाये, वापरा.” त्याला काठाने टिकल्या होत्या आणि मधोमध मोठाली फुलं विणली होती. फुलांच्या पाकळ्यांमधून मच्छर काय, चिमणीचं पिल्लू गेलं असतं. पण जावेचं मन मोडायचं नाही, म्हणून एक रात्र तो लावला. समोरून ट्रक आला की टिकल्या चमकत आणि गाडीच्या छतावर चांदण्या फिरत. ताईला ते आवडलं. भाऊजी म्हणाले, की हे ऑर्केस्ट्राच्या गाडीला शोभेल.

पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने फोनवर एक तयार जाळी दाखवली. गाडीच्या मापाची, चुंबकाची, घडीची, पिशवीसकट. किंमत ऐकून भाऊजींनी फक्त एवढंच विचारलं, की त्यात गाडी पण येते का.

शेवटी मच्छरदाणीचं कापडच आणायचं ठरलं आणि भाऊजी बाजारात गेले. सरकार मलेरियाच्या भागात ज्या औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटतं, त्यांना एका चौरस इंचात १५६ भोकं असतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. दुकानदाराने ठाण सोडताच त्यांनी खिशातून पट्टी आणि भिंग काढलं. आडवी साडेबारा, उभी साडेबारा, असा हिशेब ते जमवत होते. साडेबारावं भोक कोणतं धरायचं यावर ते अडले, तोवर दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं जमली. एकाने दुकानदाराला हळूच विचारलं, “रेड पडली का?” दुकानदाराने घाईघाईने मीटरमागे दहा रुपये कमी केले. एवढ्या गडबडीत रंग बघायचा राहिला. खरं तर काळी जाळी घ्यावी. आतून बाहेरचं स्वच्छ दिसतं आणि बाहेरून आतलं फारसं दिसत नाही. पांढरी किंवा फिकी जाळी दिवसा उजेडात चकाकते आणि नजर जाळीवरच अडते. पण ठाणात कमी झालेले दहा रुपये गुलाबीवर होते.

गुलाबी कापड घरी आलं आणि त्याच संध्याकाळी भाऊजींना वाळूमाशीबद्दल कळलं. वाळूमाशी डासाहून कितीतरी लहान असते. धड उडतही नाही, टुणटुण उड्या मारत सरकते, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येते. चांदीपुरा नावाचा जो विषाणू आहे, तो तिच्यामार्फत पसरतो. १९६५ साली तो पहिल्यांदा सापडला, तो नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात, म्हणून त्याला ते नाव. जगाच्या वैद्यकाच्या पुस्तकांत विदर्भातलं एक खेडं पोचलं ते असं. भाऊजींना ही बातमी अभिमानाची वाटावी की काळजीची, ते कळेना. रात्रभर ते गुलाबी कापडाच्या भोकांकडे भिंगातून बघत होते.

सकाळी ते कृषी केंद्रात गेले. पॉलिहाऊसला लावतात ती कीटकरोधक जाळी तिथे मिळते, ४० मेशची. एका इंचात चाळीस धागे, म्हणजे चौरस इंचाला सोळाशे भोकं. “भाऊ, यातून पांढरी माशी जात नाई, मच्छर काय जाईन?” असं दुकानदार म्हणाला, आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. यातून काहीच गेलं नाही. वारासुद्धा. भोक जितकं बारीक तितका वारा अडतो, हा साधा हिशेब आहे, आणि ऑगस्टच्या उकाड्यात तो हिशेब पाठीवरून ओघळत येतो. पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची जोमाने का येते, ते आम्हाला त्या रात्री समजलं. ताई पहाटे गाडीतून उतरली ती थेट घरात गेली आणि म्हणाली, “चांदीपुरा परवडला.”

गुलाबी कापड परत आलं.

आता इथवर जो ऊहापोह झाला, तो सगळा कापडाचा. गुरुजी, जाऊ, भाचा, कृषी केंद्रवाले, सगळे कापडावर बोलले. कापसाचा जिल्हा आहे, लोक कापडावर बोलणारच. पण मच्छराला कापडात काडीचा रस नसतो. मी पुष्कळ वेळ आत पडून त्यांच्याकडे बघितलं आहे. मादी जाळीवर बसते, दोन पावलं चालते, आणि मग कडेकडेने निघते. वरचा कोपरा, डावी बाजू, रबर जिथे वळतं ती जागा. तिला कडा हवी असते. चांगल्यात चांगल्या कापडाची कडा एका जागी बोटभर सुटली, की आत-बाहेर सारखंच. गंमत म्हणजे तेवढ्या फटीतून एकदा आत आलेल्या मच्छराला पुन्हा तीच फट सापडत नाही. मग जाळी त्याला इमानेइतबारे आत सांभाळून ठेवते. तिला बाजू कळत नाही.

कडेसाठी पहिला उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. सकाळी लावली, दुपारी उन्हात गाडी उभी राहिली, संध्याकाळी टेपचा गोंद काचेवरून खाली ओघळत होता आणि त्यात एक चिलट, दोन मुंग्या आणि भाऊजींची टोपी अडकली होती. किडे पकडण्याच्या दृष्टीने हा आजवरचा सर्वांत यशस्वी प्रयोग होता.

दुसरा उपाय वेल्क्रोचा. कुत्र्याला घेऊन फिरायला गेलेल्या जॉर्ज द मेस्ट्रल नावाच्या स्विस माणसाच्या कपड्यांना १९४१ साली काटेरी बोंडं चिकटली, त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यातून वेल्क्रो काढला. आमच्या बांधावरची कुसळं पिढ्यान्‌पिढ्या धोतराला आणि लुगड्याला चिकटत आली. आम्ही ती शिव्या देत उपटून टाकली. असो. वेल्क्रो एकमेकाला घट्ट धरतो, पण त्याच्या पाठीमागे पुन्हा तोच गोंद असतो. जाळीच्या बाजूने शिंप्याकडून शिवून घेता येतो. गाडीच्या पत्र्याला कोण शिवणार?

तिसरा उपाय मला स्वतःला आवडतो. पुढच्या दारांना काहीच चिकटवायचं नाही. जाळीची मोठी खोळ शिवायची, दार उघडायचं, वरून चौकटीसकट खोळ चढवायची, तळाला इलॅस्टिक टाकायचं आणि दार लावून घ्यायचं. कडा दाराच्या रबरात आपोआप दाबली जाते. काच खाली-वर होते, गोंद नाही, खर्च कापड आणि शिलाई एवढाच. मच्छराला कोपराच मिळत नाही. पण ओम्नीचं मागचं दार सरकतं. ते उघडताना खोळ गोळा होते, लावताना अडकते, आणि एकदा ती अडकली असताना ताई आत आणि आम्ही बाहेर अशी परिस्थिती झाली. ओम्नीत बाई अडकलेली, बाहेर दोन पुरुष दार ओढताहेत; कॉलनीतल्या आयांनी त्या दिवशी काय पाहिलं असेल ते असेल.

तोडगा निघाला तो भंगारवाल्याकडे. फ्रिजच्या दाराला जे रबर असतं, त्याच्या पोटात चुंबकाची लवचीक पट्टी असते. पूर्वी फ्रिजला बाहेरून खटक्याची कडी असे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळता खेळता शिरलेली मुलं आत अडकून दगावत. म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला, की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे, आणि त्यानंतर चुंबकाच्या दारांचं चलन झालं. त्या कायद्याचा फायदा वर्ध्याच्या ओम्नीला होईल हे तिकडे कोणाच्या स्वप्नातही नसेल. भाऊजींनी भंगारातल्या फ्रिजची रबरं ब्लेडने उभी चिरली, पट्ट्या ओढून काढल्या, गुलाबी कापडाच्या काठाला नेफा घालून त्यात त्या सरकवल्या. खिडकीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त. जाळी पत्र्याजवळ नेली, की ती टपकन बसते. गोंद नाही, खिळा नाही, उन्हाचं भय नाही. कोपऱ्यात पट्टी वाकवायची नाही, तिरकी कापून जोडायची. वाकवली की तिथे फुगते आणि फुगली की पाहुणे येतात. हे एक सोडलं तर दहावीतला पोरगा एका दुपारी करील असं काम आहे. भंगारवाल्याने रबराचे वेगळे पैसे घेतले नाहीत. फ्रिज मात्र घ्यावा लागला. तो अजून अंगणात आहे आणि ताई त्यात लाकडं ठेवते.

जाळीची खरी परीक्षा पोळ्याला झाली. सेलूकडच्या एका गावात आमचे नातलग आहेत, त्यांच्या अंगणात गाडी लावली. बैलांना पुरणपोळी झाली, आम्हाला झाली, आणि रात्री आम्ही गाडीत शिरलो. जाळ्या चारी बाजूंनी चिकटलेल्या. बाहेर पाखरांचा नुसता गोंगाट. पांढऱ्या दिव्याला ती जास्त येतात, म्हणून भाऊजींनी पिवळा दिवा लावला होता आणि गादीच्या पायथ्याशी छोटा पंखा. पंखा हवाच. मच्छर तसा वाऱ्यात दुबळा, पंख्याच्या झोतात त्याला धड बसता येत नाही. जाळीने कमी केलेला वाराही थोडा भरून निघतो. सगळं जमून आलं होतं. मग भाऊजींना पाणी प्यायला उतरायचं आठवलं. मग ताईला चप्पल आत घ्यायची आठवली. मग नातलगांच्या घरचा लहान पोरगा दार सरकवून आत डोकावला आणि “मामा, झोपले का?” असं विचारून दार तसंच उघडं टाकून गेला. ओम्नीचं दार एकदा सरकलं म्हणजे अर्धी गाडी उघडते. रात्रभर बॅटरीच्या उजेडात टाळ्या वाजत राहिल्या. बाहेर झोपलेल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना वाटलं, भजन चालू आहे.

पहाटे गाव उठलं. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, मेढे म्हणतात त्यांना. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच ते मेढे उचलून गावाबाहेर नेऊन टाकायचे आणि जाताना मारबतीला ओरडून सांगायचं, की घरातला खोकला, रोगराई, माशा, ढेकूण, मच्छर, जे काय असेल ते सगळं बरोबर घेऊन जा. नागपुरात याचीच, मारबतीच्या पुतळ्यांची, मोठी मिरवणूक निघते, काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. कापड नाही, चुंबक नाही, नुसता घसा. ऐंशीत झालं असतं म्हणणाऱ्यांनी इथे शांत बसावं, कारण हे शून्यात होतं. भाऊजी जाळीला नाक लावून ती ओरड ऐकत होते. डोळे तांबडे, कपाळावर तीन गांधी. शेवटी तेही उतरले आणि पोरांच्या मागे शिवेपर्यंत ओरडत गेले. दार उघडंच राहिलं.

दुपारी नागपूरला मारबत बघितली आणि संध्याकाळी सिंदी रेल्वेकडे निघालो. सिंदीचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. लाकडाचे एवढे थोरले नंदी, की पोरं त्यांना ओढण्याऐवजी त्यांच्या खालून पळतात. वाटेत जिल्ह्याच्या हद्दीवर नाकाबंदी लागली. सणाचे दिवस, ओल्या जिल्ह्यातून कोरड्या जिल्ह्यात येणारी पांढरी ओम्नी, मागे बाकं नाहीत, फळीखाली डबे, खिडक्यांना आतलं काही दिसू न देणारं गुलाबी कापड. मी हवालदार असतो तर मीही थांबवली असती.

“आत काय हाये?”

“मी, बायको, साळा,” भाऊजी म्हणाले.

“अन् फळीखाली?”

“तांदूळ.”

हवालदारांनी तांदळाचा डबा उघडला, हात कोपरापर्यंत घातला, तिखटाचा डबा हुंगला आणि शिंकले. मग त्यांनी बॅटरी जाळीवर मारली.

“हे काहून लावलं?”

“मच्छर.”

“मच्छर तं इथंबी हायेत. आमी लावली का जाळी?”

“लावा ना,” भाऊजी म्हणाले, आणि चुंबकाची जाळी गाडीवरून टर्रकन काढून चौकीच्या पत्र्याच्या खोक्याला लावली. ती टपकन बसली. हवालदार दोन पावलं मागे सरले. त्यांनी एक कोपरा उचलून सोडला. पुन्हा टपकन. दुसऱ्या हवालदारांना हाक गेली. भाऊजींच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. वर्षभर गाव त्यांना सल्ले देत होतं. पहिल्यांदाच कोणीतरी मागत होतं. फ्रिजचं रबर, नेफा, तिरका कोपरा, सगळं त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. “कापडाकडे नका पाहू साहेब. कापड कोनतंबी घ्या. कडा पाहा, कडा.” चौकीची खिडकी मोठी होती, जाळी दोन वीत कमी पडत होती. भाऊजी वितीने मोजू लागले, हवालदार बॅटरी धरून उभे राहिले आणि आकडे पावतीपुस्तकाच्या मागे लिहू लागले. इकडे गाडीत एक खिडकी उघडी पडली होती, आणि ताई आणि मी एकमेकांच्या पाठीवर आळीपाळीने चापट्या मारत होतो. मागे गाड्यांची रांग लागली. ट्रकवाल्याने लांबलचक हॉर्न दिला.

हवालदार वळून ओरडले, “थांब ना बे, खिडकीचं माप चालू हाये!”